बदलालाही दिनक्रमात जागा हवी

(स्वमग्न मुलांच्या पालकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रारंभीच एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रांत लेखणी झिजविणारा एक पत्रकार आहे. आमचा व्यवसाय मुळी बदलावर चालतो. काल होते तेच आज असेल, तर त्याची बातमी होत नाही. काल होते तेच आजही असावे म्हणून ज्या मुलांचा जीव कासावीस होतो, त्यांच्याविषयी बोलण्यास आपण अशा माणसाला बोलावले, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. परंतु या विषयाकडे मी कोणत्या वाटेने आलो, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका उपनगरी रेल्वे स्थानकावर सकाळच्या गर्दीत मी उभा होतो. आमची गाडी आज दुसऱ्या फलाटावर येणार, अशी घोषणा झाली आणि सारी गर्दी जिन्याकडे धावली. त्या धावपळीत सात-आठ वर्षांचा एक मुलगा फलाटावर आडवा पडला. दोन्ही कानांवर हात दाबून तो किंचाळत होता आणि डोके जमिनीवर आपटत होता. त्याची आई त्याच्या डोक्याखाली आपला तळहात धरून बसली होती. भोवती जमलेल्यांपैकी कोणी म्हणाले, "अहो, दोन फटके द्या, आपोआप गप्प बसेल." आणखी कोणी म्हणाले, "हल्ली मुलांना वळणच लावत नाहीत." मी तोंडाने काही बोललो नाही, पण मनात मीही तेच म्हणालो आणि गाडी पकडण्यासाठी निघून गेलो.

पुढे दोन वर्षांनी, एका लेखाच्या निमित्ताने स्वमग्न मुलांच्या काही कुटुंबांना भेटत असताना, एका घराचे दार त्याच माउलीने उघडले. तिने मला ओळखले नाही. मी मात्र तिच्या हाताच्या पाठीवरील व्रण पाहिला आणि माझी मान खाली गेली. आज जे बोलणार आहे, त्यातील बरेचसे त्या घराने मला शिकविले आहे.

सारखेपणाचा आग्रह

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. स्वमग्नतेचे आधुनिक वैद्यकीय वर्णन तेथून सुरू होते. त्या मुलांमध्ये कॅनर यांना दोन गोष्टी प्रामुख्याने आढळल्या. एक म्हणजे माणसांपासूनचे अलिप्तपण आणि दुसरी म्हणजे सारे काही जसेच्या तसे राहावे हा चिंतेने भरलेला आग्रह. त्यांनी नोंदविलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. एक कुटुंब घर बदलत होते. हमालांनी मुलाच्या खोलीतील गालिचा गुंडाळताच तो मुलगा सैरभैर झाला. नव्या घरात आपले सामान पूर्वीच्याच पद्धतीने मांडलेले दिसले, तेव्हा कुठे त्याचा जीव थाऱ्यावर आला. आणि मग तो एकेका वस्तूला मायेने थोपटत हिंडला.

त्या थोपटण्यात या प्रश्नाचे मर्म आहे. आपण त्याला हट्ट म्हणतो. मुलाच्या दृष्टीने तो आधार असतो. भोवतीची माणसे केव्हा काय बोलतील, कोणता आवाज कोठून येईल, याचा अंदाज ज्याला बांधता येत नाही, तो ओळखीच्या वस्तूंना आणि ओळखीच्या क्रमाला घट्ट धरून ठेवतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात जॅकी रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडच्या काळात याच अंगाने काम केले आहे. पुष्कळ स्वमग्न मुलांना बदलाइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, अनिश्चितता छळते, हा त्या कामाचा गाभा आहे. पुढे काय होणार हे न कळणे, ही खरी यातना. म्हणून त्यांनी पालकांच्या गटांसाठी एक प्रशिक्षणक्रम तयार केला. सारी अनिश्चितता दूर करण्याचे आश्वासन तो देत नाही. ती थोडी थोडी सोसण्याचे बळ मुलाला कसे द्यावे, हे तो पालकांना शिकवितो.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली, तेव्हा या यातनेची चुणूक आपणा सर्वांनाच मिळाली. शाळा बंद, गाड्या बंद, केव्हा उघडणार ते ठाऊक नाही. त्या दिवसांत आपल्यापैकी किती जण रात्री अस्वस्थपणे जागे राहिले, ते आठवून पाहा. या मुलांच्या वाट्याला अशी एक लहानशी टाळेबंदी कोणत्याही मंगळवारी सकाळी येऊ शकते. कारण रिक्षा नेहमीच्या वळणाने न जाता दुसऱ्या गल्लीतून गेलेली असते.

आरोपीच्या पिंजऱ्यातून गुरूच्या आसनावर

पालकांनीच उपचारात पुढाकार घ्यावा, हा विचार आज सरळ वाटतो. परंतु त्याचा इतिहास सरळ नाही. कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा. त्याच्या वकील वडिलांनी मुलाच्या वागण्याची बारीकसारीक हकीकत सांगणारे तेहतीस टंकलिखित पानांचे पत्र कॅनर यांना धाडले होते. स्वमग्नतेच्या वैद्यकीय इतिहासाच्या आरंभी असे एका पित्याचे निरीक्षण उभे आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

दुर्दैव असे की, पुढची दोन-अडीच दशके याच आई-बापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. आईच्या मायेला ऊब नव्हती म्हणून मूल असे झाले, असे सिद्धान्त मांडले गेले. आरंभी खुद्द कॅनर यांच्या लेखनातही या समजुतीला जागा होती. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथातून तिला मोठी प्रसिद्धी दिली. मुलाला आई-वडिलांपासून दूर ठेवणे हाच उपचार, असे मानले जाऊ लागले. या समजुतीविरुद्ध पहिला भक्कम ग्रंथ १९६४ साली लिहिला तो बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, आणि तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता. १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

त्यानंतरचे पाऊल नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील एरिक शॉपलर यांचे. १९७१ साली त्यांनी आणि रॉबर्ट राइशलर यांनी पालकांना सहचिकित्सक मानणारी भूमिका मांडली आणि १९७२ पासून त्या राज्यात तिला शासकीय कार्यक्रमाचे रूप आले. चित्रांचे वेळापत्रक, कामाची ठरलेली जागा, आरंभ आणि शेवट स्पष्ट असलेली कामे, ही आज आपल्याकडील विशेष शाळांतून दिसणारी साधने त्या परंपरेतून आलेली आहेत. त्याच सुमारास, १९७३ साली, कॅलिफोर्नियातील ईव्हार लोवास यांच्या गटाने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. उपचारानंतर जी मुले संस्थेत गेली, त्यांनी कमावलेले गमावले होते. ज्यांच्या पालकांना प्रशिक्षण मिळाले होते, ती मुले पुढेच जात होती.

याच लोवास यांच्या आरंभीच्या उपचारांत शिक्षेचा, क्वचित विजेच्या झटक्यांचाही वापर झाला होता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसे आज सांगतात की, आम्हांला चारचौघांसारखे दिसावे म्हणून घडविले गेले. आमच्या भीतीचे काय, हे कोणी विचारले नाही. हा आक्षेप वर्तनोपचाराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने उशाशी ठेवून झोपावे, असे मला वाटते.

एका घरातील गणपती

आता पुन्हा त्या माउलीच्या घरी जाऊ. त्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती. बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ मुलाची एक लाकडी खुर्ची होती. संध्याकाळी पाच ते सहा तो तीवर बसून झुलत असे. मखराची जागाही पिढ्यानपिढ्या तीच. एका वर्षी खुर्ची हलविली आणि आरतीच्या वेळी जे घडले, त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांनीच म्हटले, "पुढच्या वर्षीपासून मूर्ती धाकट्याकडे बसवू." त्या रात्री आपण फार रडलो, असे त्या मला म्हणाल्या. देव घराबाहेर जाणार आणि त्याला कारण आपले लेकरू, हे त्यांना सोसवेना.

त्यानंतरच्या वर्षी त्यांनी एका उपचारतज्ज्ञ बाईंच्या मार्गदर्शनाने तयारी आरंभली. पहिले काम वहीचे. वहीत तीन रकाने आखले : आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर आपण काय केले. तीन आठवड्यांच्या नोंदींतून एक गोष्ट उघड झाली. पाहुणे येतात म्हणून मुलगा बिथरतो, अशी सर्वांची समजूत होती. तो बिथरत होता तो पाहुणे त्याच्या खुर्चीवर बसले म्हणून. तिसऱ्या रकान्यातून दुसरी गोष्ट कळली. तो किंचाळला की घाईघाईने पाहुण्यांना उठवून खुर्ची मोकळी करण्यात येई. म्हणजे किंचाळणे ही त्याची भाषा झाली होती आणि ती भाषा घरानेच त्याला शिकविली होती. तेव्हा त्याला दुसरी भाषा देणे भाग होते. 'माझी जागा' असे लिहिलेले, खुर्चीचे चित्र असलेले एक कार्ड त्याच्या हाती देण्यात आले. ते दाखविले की खुर्ची ताबडतोब मिळे. आरंभी दर वेळी मिळाली, म्हणूनच त्याचा कार्डावर विश्वास बसला. थोडे थांबायला शिकविणे नंतर आले.

दुसरे काम चित्रांचे. दिवसातील कामांची चित्रे एका पट्टीवर क्रमाने लावली. झालेले काम काढून खालच्या पाकिटात टाकायचे. "थोड्या वेळाने", "आत्ता येईल" या शब्दांना त्याच्या लेखी काही अर्थ नव्हता. त्याऐवजी वाळूचे घड्याळ आले. वाळू खाली गेली की काम बदलते, हे त्याला डोळ्यांनी दिसू लागले.

आणि तिसरे काम सर्वांत चतुराईचे. पट्टीवर एक पिवळे कार्ड आले, त्यावर नुसते प्रश्नचिन्ह. याचा अर्थ, येथे आज काहीतरी वेगळे आहे. पहिले दोन आठवडे ते कार्ड केवळ सुखाच्या बदलांसाठी वापरले. पोह्यांऐवजी शिरा. अभ्यासाऐवजी पाण्यात खेळणे. मग ना सुखाचे ना दुःखाचे असे बदल : निळ्या पेल्याऐवजी हिरवा पेला. त्यानंतर, अगदी लहान मात्रेत, नावडते बदल. प्रत्येक वेळी काय बदलणार आहे, याबरोबरच काय तसेच राहणार आहे, हेही चित्रांनी सांगायचे. बदल सोसला की त्याच क्षणी, नेमक्या शब्दांत कौतुक : "पेला हिरवा होता, तरी तू दूध प्यायलास."

खुर्ची दररोज वीतभर सरकवीत, गणेश चतुर्थीच्या आधी दोन आठवडे ती दुसऱ्या खिडकीशी पोहोचली. मखर एकदम उभे न करता रोज थोडे थोडे उभारले. दिनदर्शिकेवर दोन चित्रे लागली : मूर्ती येण्याचे आणि मूर्ती जाण्याचे. टाळ-झांजांचा आवाज आरंभी दूरच्या खोलीतून, मिनिटभरच. आरतीच्या वेळी त्याला कंटाळा आला, तर 'थांब' हे कार्ड दाखवून आजोबांबरोबर गच्चीवर जाण्याची मुभा.

त्या वर्षी त्याने एक आरती पूर्ण ऐकली आणि दुसरीच्या मध्यावर कार्ड दाखविले. मूर्ती घरातच बसली. एवढाच विजय, पण तो सांगताना आजोबांचा आवाज कापरा झाला होता.

माझ्या मते या कथेचे सार हे की, त्या कुटुंबाने मुलाचा दिनक्रम मोडला नाही आणि त्या दिनक्रमापुढे शरणागतीही पत्करली नाही. त्यांनी बदलालाच दिनक्रमात एक जागा दिली. पिवळे कार्ड हाही पट्टीवरचा एक ओळखीचा चौकोन झाला. अनपेक्षिताला एक अपेक्षित रूप मिळाले.

पुरावा काय सांगतो

एका घराचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे, असे कोणी म्हणेल आणि ते योग्यच आहे. म्हणून दोन अभ्यासांचा उल्लेख करतो. अमेरिकेतील सहा केंद्रांतून केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन ते सात वर्षांची १८० स्वमग्न मुले होती. निम्म्या पालकांना स्वमग्नतेची सविस्तर माहिती दिली. उरलेल्यांना वर्तन हाताळण्याची प्रत्यक्ष तंत्रे शिकविली. चोवीस आठवड्यांनंतर पालकांच्या नोंदींनुसार चिडचिड व उद्रेक माहिती मिळालेल्या गटात ३१.८ टक्क्यांनी, तर तंत्रे शिकलेल्या गटात ४७.७ टक्क्यांनी घटले. कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांच्या मतेही सुधारणेचे प्रमाण अनुक्रमे ३९.६ आणि ६८.५ टक्के होते. हा अभ्यास केवळ दिनक्रमातील बदलांपुरता नव्हता. परंतु त्यातून दोन गोष्टी दिसतात. नुसत्या समजुतीनेही बरेच साधते. हाताला वळण मिळाले, तर त्याहून अधिक साधते.

दुसरा अभ्यास आपल्या दाराशी, गोव्यात झालेला. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांच्या कुटुंबांना त्यात सामील करून घेतले होते. निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'मध्ये आले. तो वर्तनोपचार नव्हता. मुलाशी संवाद कसा साधावा, हे पालकांना शिकविणारा कार्यक्रम होता. शिकविणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. तरीही पालकांचा मुलांशी सूर अधिक जुळला आणि मुले संवादासाठी अधिक वेळा पुढाकार घेऊ लागली. ज्या जिल्ह्यांत एक उपचारतज्ज्ञ गाठण्यासाठी दिवसभराचा एस.टी. प्रवास करावा लागतो, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही कुटुंबीयांसाठी असा प्रशिक्षणक्रम तयार केला असून २०२२ पासून तो ऑनलाइन उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले आहे. हे मागून घेण्याचा आपणास अधिकार आहे, उपकार म्हणून नव्हे.

तीन विनंत्या

समारोपाकडे येताना तीन विनंत्या करतो.

पहिली, पालकांना. मूल पूर्ण कोलमडलेले असते, ती घटका शिकविण्याची नव्हे. त्या वेळी शब्द कमी, आवाज कमी, माणसे कमी. इजा होऊ नये एवढेच पाहावे. शिकविणे शांत वेळी, थोडे थोडे. आणि प्रत्येक सवय मोडायची नसते. मुलाला रोज त्याच पेल्यातून दूध प्यायचे असेल आणि त्याने कोणाचे काही बिघडत नसेल, तर पिऊ द्यावे. ज्या आग्रहापायी मुलाचे शिक्षण, आरोग्य वा घराची झोप हरपते, तेवढाच हाती घ्यावा. स्वमग्नता समूळ बरी करतो, असे सांगून पैसे मागणाऱ्याच्या दारी मात्र पाऊल ठेवू नये.

दुसरी, घरातील पुरुषांना. 'पालकांच्या पुढाकाराने उपचार' या शब्दांचा अर्थ आपल्या घरांत पुष्कळदा 'आईने एकटीने करावयाचा उपचार' असा होतो. सकाळची चित्रे आईने लावली, तर रात्रीची वही बापाने लिहावी. आजोबांनी गच्ची सांभाळावी. आजीने पिवळ्या कार्डाचा अर्थ शिकून घ्यावा. कारण एकाने नियम पाळला आणि दुसऱ्याने लाडाने मोडला, तर मुलाचे जग पुन्हा अनिश्चित होते. डोनाल्ड ट्रिपलेट यांना लहानपणी वर्षभर संस्थेत ठेवले होते. आई-वडिलांनी त्यांना घरी परत आणले. पुढे त्यांनी पदवी घेतली, बँकेत नोकरी केली, देशोदेशी प्रवास केला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी जगाचा निरोप घेतला. प्रत्येक मुलाचे असे होईल, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे ही फसवणूक होईल. परंतु त्या जीवनामागे केवळ आई-वडील नव्हते. त्यांना सामावून घेणारे एक अख्खे गाव होते.

म्हणून तिसरी विनंती, आपणा इतरांना. माझ्यासारख्या, फलाटावर बघत उभे राहणाऱ्यांना. ती माउली आता थैलीत पिवळे कार्ड ठेवते. गाडी दुसऱ्या फलाटावर येणार अशी घोषणा झाली की ती कार्ड काढते. जिन्याचे चित्र, गाडीचे चित्र दाखविते. पुष्कळदा मुलगा तिचा हात धरून जिना चढतो. क्वचित अजूनही खाली बसतो आणि गाडी निघून जाते. त्या दिवशी तिला काय हवे असते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, काही नको. लोकांनी दोन पावले मागे सरकावे आणि आम्हांला पुढची गाडी पकडू द्यावी."

त्या पहिल्या सकाळी मी त्या फलाटावर होतो, हे त्यांना मी अद्याप सांगितलेले नाही. आज आपल्यासमोर सांगितले. त्या या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, मला क्षमा करा.